बारावीनंतर समुद्रावर: नौदल की तटरक्षक दल?

वास्कोच्या धक्क्यावर करडी जहाजे नौदलाची, तिरक्या पट्ट्यांची पांढरी तटरक्षक दलाची. दोन्ही संरक्षण मंत्रालयाखाली, नाविकांचे पहिले प्रशिक्षणही दोघांचे ओडिशातल्या चिल्क्यातच. म्हणून मुले दोन्ही एकच समजून अर्ज भरतात. काम मात्र वेगळे आहे.

वजनाने मोजला तर देशाचा सुमारे ९५ टक्के व्यापार समुद्रावरून होतो आणि तो अडतो ते गोव्यापासून फार दूर. मार्च २०२४ मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने किनाऱ्यापासून सुमारे २६०० किलोमीटरवर चाच्यांच्या ताब्यातले ‘रुएन’ हे मालवाहू जहाज सोडवले. ३५ चाचे शरण आले, १७ खलाशी सुटले. गोव्यातले कितीतरी तारवटी, म्हणजे परदेशी जहाजांवर नोकरी करणारे, अशाच वाटांनी कामावर जातात. तेवढ्या लांब पोहोचून टिकणारे बळ नौदलाकडेच आहे.

तटरक्षक दलाचे मुख्य क्षेत्र किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांचे. बुडत्या ट्रॉलरवरची माणसे काढणे, तस्करी रोखणे, तेलगळती आवरणे ही त्यांची कामे. जुलै २०२४ मध्ये कारवारसमोर ‘मर्स्क फ्रँकफर्ट’ हे मालवाहू जहाज पेटले, तेव्हा आग विझवायला गेलेली ‘सचेत’ आणि ‘सुजीत’ ही जहाजे गोवा शिपयार्डातच बांधलेली.

निर्णय बहुधा नोकरीच्या मुदतीवर अडतो. नौदलात अग्निवीर चार वर्षांसाठी. पहिल्या वर्षी महिना ३०,०००, त्यातले ९,००० निधीत जातात, हातात २१,००० उरतात. चौथ्या वर्षी वेतन ४०,०००. शेवटी निधीचे सुमारे १० लाख आणि व्याज मिळते, पेन्शन नाही. कायम होतात ते जास्तीत जास्त २५ टक्के. तटरक्षक दलाचा नाविक नियमित नोकरीत लागतो, मूळ वेतन २१,७००, भत्ते वेगळे. घर चालवायची जबाबदारी अंगावर असेल तर आम्ही तटरक्षक दलच आधी सुचवू. लढाऊ जहाज, पाणबुडी, विमानवाहू नौका हीच ओढ असेल तर मात्र नौदलाला पर्याय नाही. घराजवळ राहायला मिळेल म्हणून कोणतेच निवडू नका, बदली दोन्हीकडे कुठल्याही किनाऱ्यावर होते.

बारावीच्या बहुतेक जागांना दोन्हीकडे गणित आणि भौतिकशास्त्र लागते. कॉमर्सची मुले इथेच अडतात, त्यांना दहावीच्या पात्रतेची पदे उरतात. मुलांना १.६ किलोमीटर धाव नौदलात साडेसहा मिनिटांत, तटरक्षक दलात सात मिनिटांत. मिरामारच्या वाळूवर सराव केला तरी वेळ रस्त्यावरच मोजा, वाळूत पाय रुततो आणि खरा अंदाज येत नाही. वैद्यकीय तपासणीआधी कानातला मळ आणि दातांवरचे किटण काढून घ्या.