गाण्याचा अर्थ गायकाच्या चरित्रात शोधावा की गाण्यातच?

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. त्यामुळे साताऱ्यात रॉकवेड्यांचा कट्टा जमला की क्वीनच्या ‘बोहेमियन रॅप्सडी’चा (१९७५) विषय निघतो आणि लगेच दोन तट पडतात.

पहिला तट चरित्रवाल्यांचा. गाण्यात ‘बिस्मिल्ला’ आलं की फ्रेडीचं झांझिबार बेटावरचं बालपण, आईपुढची कबुली आली की खासगी आयुष्यातली घुसमट. सगळं इतकं चपखल बसतं की तिथंच मला शंका येते. खुद्द फ्रेडीने अर्थ उलगडून सांगायचं टाळलं. मग आपण कशाच्या जोरावर छातीठोक बोलायचं?

दुसरा तट गाण्यालाच धरून चालतो. पोरगा आईला सांगतो, मी एकाला मारलं; तेव्हा पियानोच पुढे असतो. मग ऑपेराचा गलका. एक बाजू म्हणते सोडा, दुसरी म्हणते सोडणार नाही. हा सरळसरळ खटलाच, आणि आरोपी मधे सापडलाय! पुढे गिटार उसळते ती बंड केल्यासारखी. शेवटी ‘कशानेच काही फरक पडत नाही’ हे इतक्या हळू येतं, की पटून नव्हे, थकून म्हटल्यासारखं वाटतं. हे कळायला चरित्र लागत नाही, बरा हेडफोन पुरतो.

यू-टू या आयरिश बँडच्या ‘संडे ब्लडी संडे’ला (१९८३) मात्र ही पद्धत तोकडी पडते. ३० जानेवारी १९७२ ला उत्तर आयर्लंडमधल्या डेरीत ब्रिटिश सैनिकांनी निदर्शकांवर गोळ्या झाडल्या, हे ठाऊक नसेल तर त्या लष्करी थाटाच्या ड्रमचं काय करायचं? तिथे आधी इतिहास वाचावा, मग गाणं लावावं.