घरी एक बोली, शाळेत दुसरी
शेजारच्या नववीतल्या पोरीसाठी सोलापूरच्या नवी पेठेतून अँजी थॉमस यांची २०१७ची कादंबरी ‘द हेट यू गिव्ह’ आणली. त्यातली स्टार नावाची १६ वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी वस्तीत एक बोलते, गोऱ्या मुलांच्या शाळेत शब्द तोलून वेगळंच. बालमित्र खलीलला तिच्या डोळ्यांदेखत पोलीस गोळी घालतो. आमच्या पूर्व भागातली ही पोर घरी तेलुगू बोलते, वर्गात जपून मराठी. “काकू, ही माझ्यासारखीच गप्प बसते की!” म्हणाली आणि पानाचा कोपरा दुमडला. पुस्तकातलं इंग्रजी बोलीतलं आहे, म्हणून सुरुवातीची पानं सोबत बसून वाचली. बांधणी कच्ची निघाली, पानं डिंकानं चिकटवली. तरी नववी-दहावीच्या मुलींना द्याच. आता तिची मैत्रीण मागायला आलीय.