तापणारी डिझेल आणि माळशेजचा चढ: कूलिंगच्या कामानंतरचे 11 महिने

2024 च्या एप्रिलमध्ये आईला ओतूरला सोडायला निघालो होतो. ठाण्यातून निघायलाच उशीर झाला, मुरबाडला पोहोचेपर्यंत अकरा वाजून गेले. मोरोशी मागे पडलं, घाट लागला आणि पुढे भरलेला आयशर. दुसऱ्या गिअरमध्ये त्याच्या मागे चढताना तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर सरकला तो थांबेचना. एसी बंद केला, काचा खाली घेतल्या, हीटर फुल केला. हीटरने इंजिनची थोडी उष्णता आत खेचली जाते, हा जुन्या ड्रायव्हरांचा उपाय खरा आहे. पण मागच्या सीटवर 74 वर्षांची, बीपीच्या गोळ्या घेणारी आई डोक्यावर ओला टॉवेल धरून बसली होती. घाटातल्या एका वळणावर जागा बघून गाडी बाजूला घेतली, पंचवीस मिनिटं उभे राहिलो. ती एका शब्दाने बोलली नाही, पण मला फार लागलं. पुढच्या उन्हाळ्याच्या आत हे सोडवायचंच असं ठरवलं.

गाडी 2008 ची, अडीच लिटरची डिझेल, सात सीटची, फॅन पट्ट्यावर फिरणारा, व्हिस्कस क्लचचा, म्हणजे इंजिन तापलं की फॅनला जोरात फिरवणाऱ्या तेलाच्या क्लचचा. 15 वर्षं झाल्यावर फिटनेस करून नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली आहे, म्हणून खर्च करायला हरकत वाटली नाही. कामं मे-जून 2024 मध्ये झाली. त्यानंतर 12,800 किमी चालवली, त्यात एक अख्खा पावसाळा आणि आता दुसरा उन्हाळा आला.

सगळ्यात आधी मीटर बसवला. रेडिएटरच्या वरच्या होजमध्ये (रबरी पाइपमध्ये) अडॅप्टर घालून त्यात सेन्सर आणि डॅशवर छोटा डिजिटल मीटर, 1,700 रुपये. यावर खर्च करताना कुरकुर करू नका. कंपनीचा काटा मुद्दाम मंद ठेवलेला असतो. माझ्या गाडीत पाणी 78 असो की 98, काटा मधोमधच. तो हलायला लागतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. पंधरा दिवस कशालाही हात न लावता नुसते आकडे वहीत लिहिले. पडघ्याच्या पुढे हायवेवर 80 च्या वेगाला 87 अंश. संध्याकाळी कापूरबावडी ते मानपाडा रांगत, एसी चालू, 102. माळशेजमध्ये एसी चालू ठेवला तर 109, तिथे मीच घाबरून एसी बंद केला. हायवेचा आकडा बघून जीव भांड्यात पडला, कारण वेगात वारा मिळाला की इंजिन नीट थंड होत होतं. म्हणजे पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारा वॉल्व्ह) ठीक होते. हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या सीलची शंका होती, म्हणून गॅस टेस्टही करून घेतली. रेडिएटरच्या तोंडावर नळी धरून निळ्या द्रवातून हवा ओढतात, जळालेला गॅस पाण्यात येत असेल तर रंग बदलतो. तो निळाच राहिला.

आता थर्मोस्टॅटबद्दल, कारण ठाण्यात तुम्ही कुठल्याही गॅरेजात जा, पहिला सल्ला हाच मिळतो: "वॉल्व्ह काढून टाका, थंड पळेल." मी ऐकलं. दहा दिवस तसाच चालवला. सकाळी कासारवडवलीहून वागळे इस्टेटला पोहोचेपर्यंत पाणी जेमतेम 64, धूर जास्त, डिझेलही जास्त. आणि घाटात? तिथे 108. म्हणजे जिथे थंड हवं तिथे एका अंशाचा फरक, आणि जिथे गरम हवं तिथे गार. कारण समजून घेतलं तेव्हा पटलं. थर्मोस्टॅट हा खालची मर्यादा ठरवतो. 82 चा थर्मोस्टॅट 82 ला उघडायला लागतो आणि पुढे पूर्ण उघडा राहतो, त्यामुळे 109 ला त्याचा काही संबंधच उरत नाही. त्यात माझ्या इंजिनला बायपास आहे, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी इंजिनातच फिरवणारी वाट. थर्मोस्टॅट गरम झाल्यावर पुढचं तोंड उघडतो तसा बायपासचं तोंड बंदही करतो. तो काढला की गरम पाण्यातला काही भाग रेडिएटरकडे न जाता सरळ इंजिनात परत जातो. मी तो परत बसवला. गाडीत तो काढलेला असेल तर तुम्हीही बसवा, एवढं कळकळीने सांगतो.

मग हवेच्या बाजूने सुरुवात केली. रेडिएटर आणि त्याच्या पुढचा एसीचा कंडेन्सर एकमेकांपासून वेगळे केले तेव्हा मधल्या फटीत धूळ, किडे, वाळलेली पानं यांचा अक्षरशः थर निघाला. घोडबंदर रोडवर वर्षानुवर्षं मेट्रोचं काम आणि भरावाची माती, ती सगळी तिथे जाऊन बसली होती. बाहेरून पाणी मारून ती निघत नाही, उलट आत घट्ट बसते. इंजिनच्या बाजूने हलक्या दाबाने पाणी मारायचं, जाळी वाकू द्यायची नाही. कापूरबावडीचा आकडा 102 वरून 98 वर आला. खर्च फक्त मजुरीचा.

सगळ्यात मोठा फरक ज्याने पडला त्याकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं: फॅनभोवतीचं कव्हर, म्हणजे श्राउड. खालचा अर्धा भाग गायबच होता. आधीच्या कुठल्या तरी कामात काढला आणि परत लावला नाही. कव्हर नसलं की फॅन स्वतःच्या भोवतालचीच गरम हवा घुसळत बसतो, जाळीतून नवी हवा ओढत नाही. वागळे इस्टेटमध्ये पत्र्याचं काम करणाऱ्या एका कारागिराने पुठ्ठ्यावर माप घेऊन कव्हर बनवलं. फॅनची पाती निम्मी कव्हरच्या आत आणि निम्मी बाहेर राहतील असं ठेवलं, कडेला रबरी पट्टी लावली. त्याने घाई केली नाही, दोनदा काढून परत बसवलं. इंजिन रबरी माउंटवर हलतं, म्हणून पात्याभोवती दीड-दोन सेंटीमीटर जागा सोडायला हवी, हे त्यानेच सांगितलं. 1,400 रुपये.

त्याच वेळी व्हिस्कस क्लचही बदलला. जुन्याच्या मधोमध तेलाचे ओघळ दिसत होते. आतलं सिलिकॉन तेल गळून गेलं की क्लच घसरतो, इंजिन तापलं तरी फॅन सुस्तच फिरतो. इंजिन बंद असताना, गरम असताना हाताने फॅन फिरवून बघा. मोकळा गरगर फिरला तर तो गेला. या दोन कामांनंतर कापूरबावडीला 91. मी तीन संध्याकाळी खात्री केली, कारण माझा विश्वास बसत नव्हता.

घाटात मात्र अजून 101 दिसत होता. सिग्नलला इंजिन फारशी उष्णता निर्माण करत नाही, फक्त हवा नसते. चढावर उष्णताही भरपूर आणि वेगही कमी, तिथे रेडिएटरचीच ताकद लागते. रेडिएटरचा दोन रोचा (नळ्यांच्या दोन रांगांचा) जुना कोअर काढून तांब्याचा तीन रोचा कोअर झाळून घेतला, 8,200 रुपये. जुना कोअर उघडल्यावर नळ्या खडूसारख्या पांढऱ्या थराने निम्म्या भरलेल्या. सोसायटीत टँकर येतो, तेच पाणी मी वर्षभर भरत होतो, ही चूक माझीच. आता एक भाग कूलंट आणि दोन भाग डिस्टिल्ड पाणी, डब्यावर दिलेल्या प्रमाणात. ठाण्यात बर्फ पडत नाही, त्यामुळे अर्धं-अर्धं करायची गरज मला वाटली नाही. कूलंटमधल्या ग्लायकॉलपेक्षा पाणी उष्णता जास्त वाहून नेतं, कूलंट गंज आणि थर रोखण्यासाठी हवंच. नुसत्या रंगावरून दोन कूलंट एकत्र करू नका, रंगाला काही ठरलेला नियम नाही.

रेडिएटरचं झाकण मूळच्याच 0.9 बार दाबाचं नवीन घेतलं. दुकानात 1.3 चं घ्या असा आग्रह झाला. दाब वाढला की उकळण्याचा बिंदू वर जातो हे खरं, 0.9 बारलाच पाणी 118 च्या आसपास उकळतं. पण त्याने इंजिन थंड होत नाही, फक्त उकळी लांबते, आणि ताण सोळा वर्षांच्या होजवर येतो.

दोन गोष्टी करून सोडून दिल्या. कंडेन्सरच्या पुढे 12 इंची इलेक्ट्रिक फॅन लावला होता. रांगेत एसी छान गार झाला, पण हायवेवर तोच फॅन वारा अडवत होता, 87 चा आकडा 90 झाला. काढला. हिवाळ्यात 76 चा थर्मोस्टॅटही लावून बघितला. ट्रॅफिकमधला कमाल आकडा तसाच राहिला, फक्त सकाळचं इंजिन गार राहिलं आणि ॲव्हरेज लिटरमागे अर्धा किलोमीटर घटलं. डिझेल इंजिनला थोडी गरमी लागते, ऑइलमधली ओल उडून जायला हवी. जानेवारीत परत 82.

तक्रारीही आहेत. सकाळी पहिली दोन मिनिटं फॅन घरघरतो, कारण रात्रभरात तेल क्लचमध्ये उतरलेलं असतं. शेजाऱ्यांना एकदा समजावून सांगावं लागलं. अडॅप्टरच्या क्लिपमधून ऑगस्टमध्ये थेंब-थेंब गळलं, चांगल्या प्रतीची क्लिप लावल्यावर थांबलं. आणि तीन रोचा रेडिएटर जड आहे, खालचे रबर वर्षातून एकदा बघावे लागतील.

गेल्या आठवड्यात पुन्हा माळशेज चढलो. मे महिना, दुपारचा एक, एसी चालू, पुढे सिमेंटचा ट्रक. मीटर 95 वर गेला, वळणावर 96 झाला, तिथेच राहिला. मागे वळून बघितलं तर आई झोपली होती. पिंपळगाव जोगाचं पाणी दिसायला लागल्यावर तिला उठवलं.