सर्व्हिस कॅटलॉगचे ११ महिने आणि 'इतर' नावाचा रकाना

गेल्या महिन्यात एक नवा सहकारी रुजू झाला आणि चार दिवस लॅपटॉपशिवाय बसून राहिला. त्याच्या मॅनेजरने विनंती वेळेवर टाकली होती, पण 'इतर'मध्ये. तिथून ती कोणाच्याच रांगेत गेली नाही. आमचा आयटी सर्व्हिस कॅटलॉग, म्हणजे आयटीकडून काय काय मागता येतं त्याची फॉर्मसकट यादी, छान चाललाय असं मी तोवर सगळ्यांना सांगत होते. त्या दिवसापासून मी या 'इतर'च्या मागे लागले आहे.

आधी वाटलं, लोक आळशी आहेत. लॅपटॉपचा वेगळा फॉर्म समोर असताना तो उघडायला काय होतं? रागाने मी 'इतर' काढूनच टाकलं. आठवडाभरात ईमेलपासून पगाराच्या सॉफ्टवेअरपर्यंत सगळ्या तक्रारी प्रिंटरच्या रांगेत! कारण काय, तर यादीत प्रिंटर पहिला होता. मग लॅपटॉपच्या फॉर्मचं नाव पाहिलं: 'एंडपॉइंट प्रोव्हिजनिंग'. नाव आम्हीच दिलेलं. बिचाऱ्या मॅनेजरला त्यातून काय कळणार होतं? चूक माझी होती.

आयटिल या आयटी सेवांच्या मार्गदर्शिकेच्या २००७ च्या आवृत्तीत व्यवसायासाठी एक कॅटलॉग आणि तांत्रिक टीमसाठी दुसरा, असं सांगितलेलं आहे. २०१९ च्या आयटिल ४ मध्येही वापरणाऱ्याला, सेवा ठरवून घेणाऱ्या विभागाला आणि आयटीला वेगवेगळं दिसावं असंच आहे. आम्ही मात्र घाईघाईत आमचीच तांत्रिक यादी सजवून लोकांपुढे मांडली. ज्याला फक्त पासवर्ड बदलून हवाय त्याच्यापुढे डीएनएस आणि फायरवॉल असली नेटवर्कची नावं!

आता 'इतर' परत आणलंय. दर शुक्रवारी त्यातली प्रत्येक विनंती मी स्वतः वाचते आणि लोकांचे शब्दच फॉर्मला नाव म्हणून देते. 'पासवर्ड विसरलो'. 'नवीन माणूस येतोय'. या दुसऱ्या फॉर्मवर लॅपटॉप, ईमेल आणि परवानग्या ही तिन्ही कामं एकदम सुरू होतात.

कॅटलॉग चालवायच्या टूलचं म्हणाल तर दर एजंटमागे, म्हणजे विनंत्या हाताळणाऱ्या प्रत्येक माणसामागे, पैसे भरतोय आणि निम्म्या सोयी अजून उघडलेल्याही नाहीत. सुरुवातीला साधी स्प्रेडशीट पुरली असती: सेवा, तिचा मालक, किती वेळात मिळेल, मंजुरी कोणाची, खर्च किती. ते पैसे मला अजून सलतात. 'इतर'मधल्या विनंत्या आपोआप वाटायच्या तर वेगळं मॉड्यूल घ्या, असं विक्रेत्याने सुचवलं. मी साफ नाही म्हटलं.

कॅटलॉगमधल्या खर्चाच्या रकान्याने मात्र सुखद धक्का दिला. सॉफ्टवेअरपुढे लायसन्सची वार्षिक किंमत दिसायला लागली आणि एका विभागाने न वापरलेली लायसन्स आपणहून परत केली. आम्ही मागितलीही नव्हती.

या शुक्रवारी 'इतर'मध्ये सात विनंत्या होत्या. त्यातल्या तीन एकच सांगत होत्या, मीटिंग रूमचा स्क्रीन लागत नाही. ही विनंती नाहीच, हा बिघाड आहे. म्हणून पहिल्या पानावर सगळ्यात वर 'काहीतरी बंद पडलंय' असं बटण आजच टाकलंय.