शिसे तपासनीसाच्या ‘लाइफटाइम लायसन्स’ला भुलू नका

मी सोलापूरचा. सिव्हिल डिप्लोमा केलाय, साइट सुपरवायझर आहे. मागच्या वर्षी विजापूर रोडवरच्या एका क्लासची जाहिरात व्हॉट्सअ‍ॅपवर आली. जुन्या इमारतींच्या रंगात शिसं आहे का हे तपासायचं दोन दिवसांचं ट्रेनिंग, अमेरिकेच्या ईपीएचं (तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेचं) ‘लाइफटाइम लायसन्स’, परदेशात नोकरी नक्की. फी 35 हजार. आईने भिशी उचलून पैसे दिले. यूपीआयवर नाव संस्थेचं नव्हे, एका माणसाचं आलं. तिथेच थांबायला हवं होतं.

ट्रेनिंगच्या दुसऱ्या दिवशी सरांनी पिस्तुलासारखं एक्सआरएफ मशीन टेबलावर ठेवलं. भिंतीला टेकवलं की वरच्या थरांखाली दडलेल्या जुन्या रंगातलं शिसंसुद्धा ते आकड्यात दाखवतं. आम्ही अकरा जणांनी ते हातात धरून फोटो काढले. चालू मात्र एकदाही झालं नाही. मुठीत बॅटरीच्या जागी नुसता खळगा होता. विचारलं तर म्हणाले, ‘बॅटरी पुण्याला दिलीय.’ मी गप्प बसलो, याचं अजून वाईट वाटतं.

सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र अमेरिकेतल्या मामेभावाला पाठवलं. त्याने ईपीएची मान्यताप्राप्त प्रशिक्षकांची यादी पाहिली, त्यात यांचं नाव नव्हतं. खरा इन्स्पेक्टर कोर्स किमान 24 तासांचा असतो, त्यातले 8 तास प्रत्यक्ष हाताने काम. मग वेगळी परीक्षा, मग ईपीएकडे किंवा त्या राज्याकडे अर्ज. ते लायसन्सही ठरावीक वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, म्हणजे ‘लाइफटाइम’ हा शब्दच खोटा. तिकडे 1978 च्या आधीच्या घरांसाठी हे काम चालतं. त्या लायसन्सच्या जोरावर कुणी व्हिसा देत नाही.

‘महापालिका वाड्यांची तपासणी तुम्हालाच देईल’ असंही सांगितलं होतं. आपल्याकडे 2016 चा नियम आहे, घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा) जास्त नको असा. पण तो नियम रंग बनवणाऱ्या-विकणाऱ्यांसाठी आहे, जुन्या वाड्यांच्या तपासणीसाठी नाही.

पैसे मागितल्यावर आधी ‘पुढच्या आठवड्यात’, मग नंबर ब्लॉक. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर मी दोन महिन्यांनी फोन केला, फार उशीर झाला होता. तुम्ही त्याच दिवशी करा, लवकर कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिलाय, पोचपावती घेतलीय. आमच्या बॅचमधल्या कुणाला अर्ज द्यायचा असेल तर मी सोबत येईन. यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि ते मशीनसोबतचे फोटो डिलीट करू नका, तेही अर्जाला जोडायचेत.