जळगावातलं एपिलेप्सी एमआरआय: स्कॅन चोख, सीडी अर्धवट

फिट (एपिलेप्सीचा झटका) आलेल्याच्या हातात लोखंडी किल्ली कोंबायची सवय खान्देशात अजून सुटलेली नाही. गंमत अशी की काहींना फिट आणणारं लोखंडच असतं, पण मेंदूत साचलेलं. अपघातात डोक्यात रक्त साकळलं की हिमोग्लोबिन फुटतं आणि त्यातलं लोह हिमोसिडेरिन (लोह साठवणारा तपकिरी पदार्थ) होऊन तिथंच मुरतं. मोकळं लोह फ्री रॅडिकल (पेशींना इजा करणारे कण) तयार करतं, पेशींच्या आवरणातली चरबी खराब होते, मेंदूच्या पेशींना चेतवणाऱ्या ग्लुटामेटचा तोल जातो. १९७८ मध्ये विल्मोर आणि सहकाऱ्यांनी प्राण्यांच्या मेंदूच्या कॉर्टेक्समध्ये (बाहेरच्या थरात) लोहाचं क्लोराइड टोचून वारंवार फिट आणून दाखवल्या.

हे साचलेलं लोह साध्या ब्रेन एमआरआयच्या ५ मिलिमीटर कापांत निसटू शकतं. जळगावातल्या ज्या स्कॅन सेंटरबद्दल हा लेख आहे, त्याची जमेची बाजू इथंच आहे. ३ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीन, १ मिलिमीटरचे थ्रीडी टी-वन आणि फ्लेअर, हिप्पोकॅम्पसला (मेंदूतला स्मरणशक्तीचा भाग) काटकोनात २ मिलिमीटरचे टी-टू काप (टी-वन, टी-टू, फ्लेअर ही एमआरआय चित्रांच्या प्रकारांची नावं), आणि न मागता एसडब्ल्यूआय, म्हणजे लोहासारखे पदार्थ उठून दाखवणारं चित्र. लोह त्यात काळं आणि प्रत्यक्षापेक्षा मोठं दिसतं. टेक्निशियन डोकं पॅडने नीट आवळतात, म्हणून चित्रं हलत नाहीत. तारा लावलेले दात मात्र चित्र बिघडवतात, आणि सायनसला लागून दिसणारा काळेपणा बहुतेकदा हवेचाच असतो.

घोडं अडतं रिपोर्टवर. 'ब्लूमिंग दिसते' (म्हणजे काळा डाग फुगून दिसतो) एवढंच लिहून मोकळे! फितकृमीची (टेपवर्म) जुनी, सुकलेली गाठही एसडब्ल्यूआयवर काळीच दिसते, कारण तिच्यात कॅल्शियम असतं. फरक कळतो फेज चित्रात (एसडब्ल्यूआयसोबतच निघणारं जोडचित्र): लोह आणि कॅल्शियमची छटा एकमेकांच्या उलट येते. कुठली काळी आणि कुठली पांढरी हे मशीनच्या कंपनीवर ठरतं, म्हणून त्याच चित्रातली शीर पाहायची. डाग शिरेच्याच छटेचा असेल तर लोह. इथल्या सीडीत फेज नसतेच, मिळतात नुसत्या फिल्म आणि तयार एसडब्ल्यूआय. मग डॉक्टर सीटी सांगतात (कॅल्शियम त्यात पांढरंशुभ्र दिसतं) आणि खिशाला आणखी एक कात्री.

डाग दिसला म्हणजे फिट तिथूनच निघते असं नाही, ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख) आणि फिटचं वर्णन जुळावं लागतं. म्हणून फॉर्मवर, फिट येताना आधी कुठला हात किंवा चेहऱ्याची कुठली बाजू आखडते ते लिहा. फिटची गोळी स्कॅनच्या दिवशीही चुकवू नका. रक्त कमी म्हणून चालू असलेल्या लोहाच्या गोळ्यांचा या डागाशी संबंध नाही, त्याही परस्पर बंद करू नका. मंगळसूत्र, पिना, ताईत बाहेर काढून ठेवा.

फेज चित्रं मात्र टेबलावर झोपण्याआधीच मागा. काही मशीनवर ती आधीच चालू ठेवावी लागतात, आणि कच्चा डेटा पुसला गेला की मागून काढता येत नाहीत.