कॉलिन्स किड्स: आधी डीव्हीडी घ्या, सीडी नंतर

परवापासून घरात हे एकच चालू आहे. बेअर फॅमिली या जर्मन कंपनीने काढलेली कॉलिन्स किड्सची टाउन हॉल पार्टीवाली डीव्हीडी, पहिला भाग. याच कंपनीचा यांचा दोन सीडींचा संच, १९९१ चा 'हॉप, स्किप अँड जंप', माझ्याकडे आधीपासून होता आणि खरं सांगायचं तर तो ऐकून मला वाटायचं की पोरं बरी आहेत, चुणचुणीत आहेत, पण एवढं काय डोक्यावर घ्यायचं त्यांना. आता कळलं की मी उलट्या क्रमाने गेलो.

ज्यांनी नावच ऐकलं नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. लॉरी आणि लॅरी, सख्खी बहीणभावंडं, मूळची ओक्लाहोमाची, ती १९४२ ची, तो १९४४ चा. घरचे कॅलिफोर्नियात आले आणि १९५४ पासून ही दोघं टाउन हॉल पार्टीत गायला लागली, म्हणजे लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनमधून शनिवारी रात्री टीव्हीवर लागणारा कंट्री गाण्यांचा कार्यक्रम. पुढच्याच वर्षी कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीशी करार. लॅरी तेव्हा दहा-अकराचा! माझा भाचा त्या वयाचा आहे आणि त्याला चप्पल कुठे काढली ते आठवत नाही.

डीव्हीडी ब्लॅक अँड व्हाइट आहे, आवाज जुन्या टीव्हीचा असतो तसा, चित्र मधेमधे धुरकट, सगळं मान्य. पण एकदा लॅरी स्टेजवर आला की ते काही लक्षात राहत नाही. गळ्यात दोन मानांची मोसराइट गिटार, सेमी मोझलीने बनवलेली, त्यातली एक मान आखूड, सप्तकभर वर लावलेली, आणि ते सगळं धूड त्याच्यापेक्षा मोठं वाटतं. ते घेऊन हा उड्या मारतो, बहिणीभोवती गोल फिरतो, आणि हात एकदाही चुकत नाही. गुरू कोण तर जो मॅफिस, त्याच कार्यक्रमातला, त्याच्याकडेही तसलीच दोन मानांची गिटार, आणि हे दोघं समोरासमोर उभे राहून वाजवतात तेव्हा म्हातारा जिंकतो का पोरगा हे मला तरी ठरवता आलं नाही. सर्फ गिटारवाल्या डिक डेलवर लॅरीच्या वाजवण्याचा परिणाम झाला असं म्हणतात ना, ते इथे बघितलं की पटतं.

पण माझं मत विचाराल तर खरी गंमत लॉरी आहे. सगळं लक्ष तो माकडचाळे करणारा भाऊ खातो, आणि ही शांतपणे झालरीच्या कपड्यांत उभी, ऱ्हिदम गिटार वाजवत, मधेच एक गुरगुरल्यासारखा आवाज काढते की बस्स. 'मर्सी' ऐका. पंधरा-सोळाची मुलगी आहे ही. लोकांना ती फारतर गायक रिकी नेल्सनची मैत्रीण म्हणून आठवते, त्याच्या घरच्यांच्या टीव्ही मालिकेत दिसली होती म्हणून, हे जरा अन्यायच आहे.

आता सीडीबद्दल. 'व्हिसल बेट' १९५८ चं, लॅरी त्यात नुसता किंचाळतो, हेडफोन लावून ऐकू नका, स्पीकरवर मोठ्याने लावा आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. 'हॉय हॉय' पण झकास. पण 'बीटल बग बॉप'सारखी गाणी बालगीताच्या अंगाने जातात, आणि दोन्ही सीडी सलग ऐकल्या तर दमायला होतं. पुस्तिकेत रेकॉर्डिंगचे तपशील भरपूर, या बाबतीत या कंपनीला तोड नाही. फक्त माझ्याकडे आलं तेव्हा कुरिअरमध्ये खोक्याचा एक कोपरा पार चेपला होता, स्वस्त माल नाहीये त्यामुळे जीव हळहळला.

एवढं असून यांचं एकही गाणं मोठं हिट झालं नाही. एव्हर्ली ब्रदर्स सगळ्या जगाला माहीत, हे कुणालाच नाहीत. मला वाटतं कंपनीलाच कळलं नाही की यांचं करायचं काय, लहान मुलांचं म्हणून विकायचं का कंट्री म्हणून का रॉक अँड रोल, आणि कोलंबियात वर बसलेल्या मिच मिलरला तर रॉक अँड रोल म्हटलं की कपाळात जायचं. शिवाय रेकॉर्डवर उड्या ऐकू येत नाहीत हो, हाही मुद्दा आहेच. १९५९ मध्ये लॉरीने कंट्री गायक जॉनी कॅशचा मॅनेजर स्टू कार्नॉल याच्याशी लग्न केलं आणि पुढे जोडी थांबतच गेली. लॅरी मात्र गाणी लिहीत राहिला, 'डेल्टा डॉन' अॅलेक्स हार्वीच्या जोडीने त्याने लिहिलंय, हे मला पुस्तिका वाचताना नाही तर फार उशिरा दुसरीकडे कळलं! ते १९७२ मध्ये तेरा वर्षांच्या टान्या टकरने गाऊन गाजवलं, नंतर हेलन रेडीने अमेरिकेत एक नंबरला नेलं. म्हणजे स्वतः पोरवयात जे मिळालं नाही ते त्याला दुसऱ्याच एका पोरीच्या गळ्यातून मिळालं. १९९३ मध्ये इंग्लंडात हेम्स्बीच्या रॉकबिली (कंट्री आणि रॉक अँड रोलची मिसळ) महोत्सवात दोघं परत एकत्र आली आणि नंतर बरीच वर्षं गात होती. लॉरी २०१८ मध्ये गेली, लॅरी २०२४ च्या जानेवारीत.

गिटार वाजवत असाल तर डीव्हीडी डोळे मिटून घ्या, म्हणजे उघडे ठेवूनच घ्या. नुसती गाणी हवी असतील तर सीडी, पण रोज चार-पाचच ऐका.

आईला इंग्रजी गाण्यांचं काही पडलेलं नाही. काल स्वयंपाकघरातून डोकावली, म्हणाली, "अरे, त्या पोराच्या अंगात आलंय का काय?" आणि हातातलं पातेलं तसंच धरून शेवटपर्यंत उभी राहिली.